अडकलेली झडप कशी ओळखावी : घरातली जुनी स्कूटर आणि मंडळाचा जनरेटर

आपल्या बेळगावात टिळकवाडी, शहापूर, वडगाव भागांतल्या बऱ्याच घरांच्या पडवीत एक जुनी स्कूटर झाकून ठेवलेली दिसते. मुलगा पुण्याला किंवा परदेशी, गाडी वडिलांच्या वेळची, चालवायला कुणी नाही आणि विकवतही नाही. पावसाळ्याचे चार महिने ती तशीच उभी राहते. दिवाळीला मुलगा येतो, हौसेने किका मारतो, गाडी सुरू होत नाही. प्लग बदलून होतो. मग गॅरेजवाला सांगतो, "काका, कार्बोरेटर गेला, नवा टाका."

मंडळातले आम्ही चार-पाच निवृत्त मित्र गेली काही वर्षे सभासदांच्या अशा गाड्या आणि मंडळाचा जनरेटर यांकडे लक्ष देतो. आमच्यातला एकच जण आयुष्यभर वर्कशॉपमध्ये राबलेला, बाकी आम्ही बी.कॉम. होऊन बँकेत खतावण्या तपासलेली माणसं. पण दिवसअखेर कॅश जुळली नाही म्हणून कुणी नवी तिजोरी आणत नाही, एवढं आम्हाला कळतं. आजवर आमच्यासमोर 'कार्बोरेटर गेला' म्हणून आलेल्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर शाबूत होता. आतली बोटाच्या पेराएवढी एक सुई अडकलेली होती, नाहीतर दोष कार्बोरेटरच्या अलीकडेच कुठेतरी होता. म्हणून झडप अडकली आहे का, आणि अडकली असेल तर उघडी अडकली की बंद, हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते इथे लिहून ठेवत आहोत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ज्या गावात सायकलचं दुकान काढलं आणि ज्या गावच्या उद्यमबागेत आज हायड्रॉलिक झडपा तयार होतात, तिथल्या लोकांना झडप म्हणजे काय ते सांगायला नको. तरी मुलाबाळांसाठी थोडं सांगतो.

सुई आणि फ्लोट

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं आणि त्यावर फ्लोट तरंगतो. घराच्या गच्चीवरल्या टाकीतला फुगा आठवा. पाणी चढलं की फुगा वर येतो आणि नळ बंद करतो. इथे फ्लोट वर आला की तो टोकदार सुई तिच्या बैठकीवर दाबतो आणि पेट्रोल थांबतं. इंजिनाने पेट्रोल ओढलं की पातळी उतरते, सुई सुटते, पुन्हा पेट्रोल येतं. गाडी चालू असेपर्यंत हे सारखं होत राहतं.

गाडी उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळसर थर उरतो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये आपण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतो. ते ऑइल उडत नाही, तेही तिथेच बसतं. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. टाकीच्या आत गंज धरतो, त्याचे कण पाइपातून खाली येऊन सुईच्या बैठकीवर बसतात. थर चिकटला तर सुई बंद स्थितीत धरून राहते. कण अडकला तर ती पूर्ण बसतच नाही. एकाच सुईचे हे दोन आजार आहेत आणि दोन्हींची लक्षणं अगदी उलटी आहेत. 'गाडी सुरू होत नाही' हे मात्र दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं.

सुई उघडी अडकली असेल तर

आधी याचं सांगतो, कारण यात धोका आहे. कॉक उघडल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकू लागतं. मेकॅनिक याला कार्बोरेटर ओव्हर होणं म्हणतात. प्लग काढला तर ओला निघतो. गाडी सुरू झालीच तर काळा धूर टाकते आणि अॅव्हरेज पडतं.

खात्री करायची सोपी रीत अशी. गाडी कशीबशी चालू करा आणि चालू असतानाच कॉक बंद करा. वाटीतली पातळी उतरेल तसं गुदमरणारं इंजिन काही वेळ स्वच्छ चालू लागलं आणि मग पेट्रोल संपून बंद पडलं, तर पेट्रोल जास्त येत होतं हे ठरलं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच टकटक करून पाहा. ठिबकणं थांबलं तर कण हलला असं समजा. ही फक्त तपासणी झाली. कण आतच आहे, तो पुन्हा बैठकीवर येणार.

टकटक करूनही थांबलं नाही तर वाटी उघडावी लागते. सुईच्या टोकावरून नख फिरवा. गोल खाच लागली तर सुई झिजली आहे, ती बैठकीसकट बदला. नुसती सुई बदलण्यात अर्थ नाही, कारण बैठक झिजलेली असेल तर नवी सुईही पाझरते. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोटला भोक आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात, पण पाणी स्वयंपाकघरात तापवून बाहेर आणा. फ्लोट घेऊन शेगडीजवळ जाऊ नका.

चार-स्ट्रोक गाडी असेल तर ऑइलची पट्टी काढून बघायला विसरू नका. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी चढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर सुई दुरुस्त झाली तरी ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो.

आता धोक्याचं. आमच्यापैकी एकाच्या घरी स्कूटर बंद पडवीत लावलेली होती, कॉक उघडा राहिला आणि रात्रभर पेट्रोल ठिबकलं. पडवीच्या आत उंबऱ्यापलीकडे देवघर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता फरशीवरून सरपटत जाते. वहिनींना पहाटे वास आला, त्यांनी दिवा न लावता आधी दारं उघडली, म्हणून आज हे हसत सांगता येतं. अशा वेळी लाइटचं बटणसुद्धा दाबू नये. दारं-खिडक्या उघडून गाडी ढकलत बाहेर न्यावी आणि पेट्रोलवर वाळू किंवा माती टाकावी.

सुई बंद अडकली असेल तर

इथे गाडी चोक ओढून क्षणभर सुरू होते आणि मरते, किंवा मिनिटभर चालून बंद पडते आणि थोडं थांबल्यावर पुन्हा मिनिटभर चालते. पण हीच लक्षणं आणखी तीन ठिकाणच्या दोषांनी येतात. म्हणून तपासणी टाकीपासून खाली करत यावी. उलट क्रमाने केली की फुकट कार्बोरेटर उघडला जातो.

पहिलं टाकीचं झाकण. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल करून गाडी नीट चालली तर तिथेच काम संपलं. नव्या कार्बोरेटरचं बिल भरून झाल्यावर हे भोक टाचणीने मोकळं केल्याचं उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. गॅरेजचं नाव सांगत नाही.

दुसरा कॉक. कार्बोरेटरकडची नळी काढून काचेच्या बाटलीत सोडा. सलग धार यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर दोष कॉकच्या जाळीत किंवा फिल्टरमध्ये. बाटली थोडा वेळ तशीच ठेवली तर तळाशी गंज किंवा वेगळा झालेला पाण्याचा थरही दिसतो, आणि मग नुसती सुई साफ करून भागणार नाही, टाकी धुवावी लागणार, हे आधीच कळतं.

धार चांगली असेल तर तिसरी पायरी. नळी परत जोडा, वाटीच्या तळाचा स्क्रू ढिला करून वाटी रिकामी करा आणि स्क्रू तसाच ढिला ठेवा. साठलेलं पेट्रोल गेल्यावरही वरून येत राहिलं तर सुई उघडते आहे, मग जेट तपासा. काहीच आलं नाही तर सुई चिकटली. इतका वेळ लावून केलेलं निदान पक्कं असतं.

गिअरलेस स्कूटरांवर बहुधा हाताने फिरवायचा कॉक नसतो. इंजिन फिरलं की त्याच्या व्हॅक्यूमने एक रबरी पडदा उचलला जातो आणि पेट्रोल सुटतं. त्यामुळे नुसती नळी काढून धार आली नाही तर घाबरू नका, सेल मारून पाहा. हा पडदा फाटला तर फार फसवणूक होते. पेट्रोल व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून थेट इंजिनात जातं आणि लक्षणं सगळी सुई उघडी अडकल्याची दिसतात. ती बारीक नळी काढून बघा. आतून पेट्रोलने ओली असेल तर सुईचा काही दोष नाही.

चिकटलेली सुई कार्बोरेटर क्लीनरने किंवा ताज्या पेट्रोलने धुवून सुटते. पक्कडीने ओढू नका, पॉलिश पेपर लावू नका. बसवण्याआधी कार्बोरेटर पूर्ण वाळू द्या आणि पेट्रोल येण्याच्या तोंडाला छोटी स्वच्छ नळी लावून हलकी फुंकर घाला. कार्बोरेटर सरळ धरला असता हवा जायला हवी, उलटा धरला की फ्लोटच्या वजनाने सुई बसून हवा थांबायला हवी. ओल्या कार्बोरेटरला तोंड लावायचं नाही, पेट्रोल पोटात जाणं हे विषच.

इंजेक्शनच्या गाड्यांत फ्लोट नसतो, हे सगळं त्यांना लागू नाही. एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांनंतरच्या बहुतेक दुचाक्या तशा आहेत. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा दोन-तीन सेकंद घुमल्यासारखा आवाज येतो का, एवढंच ऐका आणि पुढचं काम जाणकारावर सोडा.

जनरेटर

डिझेल जनरेटरवर पंपाजवळ एक विजेवर चालणारी बंद करण्याची झडप असते, तिला सोलेनॉइड म्हणतात. तिच्यातला लोखंडी दट्ट्या गंजून अडकला तर जनरेटर सुरू होत नाही, किंवा सुरू झालेला बंद होत नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात नाटकाचा दुसरा अंक सुरू असताना वीज गेली, ती रात्र जुन्या सभासदांना आठवत असेल. इंजिन फिरत होतं पण पेट घेत नव्हतं. आम्ही बॅटऱ्या बदलल्या, टॉर्चच्या उजेडात फिल्टर बदलला, हवा काढली. तासभर गेला, प्रेक्षक उठले, बाहेरगावचे कलाकार रंग उतरवून बसले. जनरेटर सांभाळणाऱ्या मुलाला आम्ही सगळ्यांसमोर बोललो. दुसऱ्या दिवशी झडप खोलली तेव्हा दट्ट्या गंजाने धरलेला निघाला. जनरेटर कित्येक महिने न चालवता ठेवायचं आम्हीच ठरवलं होतं, डिझेल वाचावं म्हणून. त्या मुलाची आम्ही माफी मागितली. तीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती, म्हणून इथे लिहिलं.

त्या रात्री दोन गोष्टी केल्या असत्या तर पाच मिनिटांत कळलं असतं. एक, सायलेन्सरकडे बघणं. इंजिन फिरवताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतं आहे पण जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. दोन, कान देणं. आपल्या जनरेटरवर चावी फिरवली की झडपेचा 'टक्' आवाज येतो. आवाज नाही आणि मल्टिमीटर तारेवर १२ व्होल्ट दाखवतो, तर झडपेची गुंडाळी जळली किंवा दट्ट्या अडकला. तारेवर वीजच नसेल तर झडपेला दोष देऊ नका, फ्यूज आणि वायर बघा. काही जनरेटरांवर रचना उलटी असते, बंद करतानाच वीज मिळते. तेव्हा आपल्याकडे कोणती आहे ते दिवसाउजेडी पाहून ठेवावं.

बंद होत नसलेला जनरेटर पंपावरच्या हाताच्या दांडीने बंद करता येतो. डिझेलचा कॉक बंद करूनही थांबतो, पण मग लाइनमध्ये हवा शिरते आणि पुढच्या वेळी ती काढत बसावं लागतं.

पंपापुढच्या नळ्यांना आणि नोझलला आम्ही हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. तिथल्या दाबाने उडालेली डिझेलची बारीक धार कातडीखाली शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असं कुणाला झालं तर घरी मलम लावत न बसता तडक इस्पितळात न्यावं आणि डिझेल दाबाने आत गेलं आहे असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

स्कूटर दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर शेवटच्या दिवशी चालू गाडीचा कॉक बंद करा आणि ती आपोआप मरेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी रिकामी होईल. त्याहून जास्त काळ राहणार असेल तर टाकीही रिकामी करून घ्या. मंडळाचा जनरेटर आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अर्धा तास, पंखे आणि दिवे लावून, चालवला जातो. तारीख आणि 'टक्' आवाज आला की नाही, हे कार्यालयातल्या वहीत लिहायचं असतं.