काडीमोड आणि कोर्टकचेरी

मुंबई बेटांपासून अलिबाग, मुरूड-जंजिऱ्यापर्यंत पसरलेल्या सोनकोळ्यांच्या वस्त्यांत विवाह मोडण्याचा जो रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याची हकीकत सुशिक्षित समाजाने कधी फारशा आस्थेने ऐकली नाही. आणि ज्या काळी पुण्यामुंबईचे विद्वान विवाहबंधन जन्मजन्मांतरीचे की केवळ इहलोकीचे या वादात वर्तमानपत्रांचे रकाने भरीत होते, त्या काळी हाच प्रश्न या किनाऱ्यावर पाटील आणि पंच यांच्या बैठकीत, शास्त्राधाराची फिकीर न करता निकालात निघत असे.

या मोकळिकीचे कारण कोळ्यांच्या अर्थव्यवहारात होते. मासळी धरून आणणे हे पुरुषाचे काम. परंतु ती बाजारात नेणे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे आणि आलेल्या पैक्यातून घर चालवणे हे कोळिणीचे. जिच्या हाती रोकड आहे आणि जिला परक्या गावच्या बाजारात चारचौघांशी हुज्जत घालण्याची सवय आहे, अशी स्त्री नवऱ्याचा मार मुकाट्याने आयुष्यभर सोसत बसेल, हे संभवनीय नव्हते. त्यात लग्नात मुलीच्या बापाला देज देण्याची चाल असल्यामुळे, सासर सोडणाऱ्या मुलीचे प्रकरण पुष्कळ अंशी हिशेबाचे प्रकरण होऊन बसे. लग्नात नवरीच्या उजव्या हातातील काचेच्या बांगड्या समुद्रास अर्पण करण्याचा सोनकोळ्यांचा प्रघात इंग्रजी अमदानीतील लेखकांनी कौतुकाने नोंदला आहे. त्यामागे पती दर्यावरून सुखरूप परतावा एवढेच मागणे होते. परतल्यावर तो घरात कसा वागेल याची हमी दर्याने घेतलेली नव्हती, ती जबाबदारी पंचांची.

तक्रार पाटलाकडे गेली की उभय पक्षांचे सोयरे जमत, साक्षी होत, आणि प्रथम समेटाचा यत्न होई. तो फसला, तर देज व लग्नखर्च कोणी कोणास किती परत करावा याचा ठराव होऊन पंचांसमक्ष एक काडी मोडली जाई; कोणी लिहिणारा हाताशी असलाच तर फारकतीचा कागद होई, नसला तर मोडलेली काडी आणि पंचांची स्मृती हाच दस्तऐवज. त्यानंतर त्या स्त्रीला पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, मुभा असे. गावात न मिटणाऱ्या तंट्यासाठी वरचा दरवाजाही होता. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात अलिबागेस राहणाऱ्या, साऱ्या जमातीवर अधिकार चालवणाऱ्या सरपाटलाचा उल्लेख आहे. मराठेशाहीत अशा व्यवहाराला सरकारची हरकत तर नव्हतीच, उलट लग्नावर जसा लग्नटका, तसा पाटावर पाटदाम वसूल होई. ज्या व्यवहारावर सरकार पट्टी घेते तो बेकायदा आहे असे म्हणण्याची सोय मग कोणास उरत नाही!

इंग्रजी न्यायालयांनी मात्र ही सोय शोधून काढली. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या आज्ञेवरून स्टील नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या जातींचे रिवाज १८२७ साली ग्रंथबद्ध केले होते, म्हणजे सरकारला माहिती नव्हती असे नाही. परंतु १८६० च्या दंडसंहितेत ४९४ वे कलम आले, आणि पहिला पती हयात असता दुसरे लग्न करणे हा स्त्रीच्या बाबतीत फौजदारी गुन्हा ठरला. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने शंभू रघूच्या खटल्यात निर्णय दिला, की विवाह रद्द ठरवण्याचा किंवा विवाहितेस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानीत नाहीत. पुढे १९१५ साली, अहमदाबादच्या पखाली जातीत ठरीव रक्कम भरून, जोडीदाराच्या इच्छेविरुद्धही, विवाह मोडता येतो असा रिवाज पुढे करण्यात आला, तेव्हा तो नीतिबाह्य म्हणून अमान्य झाला. यातले पक्षकार कोळी नव्हते. पण कायद्याची धास्ती जात पाहून थांबत नाही, आणि पंचांच्या शब्दावर पाट लावलेली कोणतीही स्त्री फौजदारीच्या कक्षेत येऊ शकत होती.

यावरून पंचायत म्हणजे न्यायाचे माहेरघर होते असा समज करून घेण्याचे कारण नाही. पंचांत बसत ते पुरुषच. दंड आणि वाळीत टाकण्याची धमकी ही त्यांची नित्याची हत्यारे, आणि रायगड-रत्नागिरीच्या गावकीतील बहिष्काराची प्रकरणे इतकी टिकून राहिली, की महाराष्ट्राला २०१६ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. पंचांचा जुलूम खरा होता. परंतु न्यायालयाने जे नाकारले ते जुलमाच्या नावाने नव्हे, वरिष्ठ वर्णांच्या विवाहकल्पनेच्या नावाने नाकारले, हा माझा आक्षेप आहे.

कारण पुढे कायद्यालाच कोळीवाड्याच्या वाटेने यावे लागले. बडोदे संस्थानाने १९३१ साली, मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर केला. त्यातील २९ व्या कलमाने रूढीने मिळणारा घटस्फोटही अबाधित ठेवला. परंतु ती रूढी प्राचीन, अखंड आणि निश्चित असल्याचे सिद्ध करण्याचा भार, जो ती सांगतो त्याच्यावर. आणि जिथे दस्तऐवज म्हणून एक काडी मोडली गेली होती, तिथे पुरावा आणायचा कोठून? उभयतांच्या संमतीने विभक्त होण्याची तरतूद तर त्या कायद्यात मुळात नव्हतीच. ती १९७६ च्या दुरुस्तीने आली, आणि पंचांच्या बैठकीत ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती.