आधी उंची, शेवटी अमोनिया

गोदावरीला पूर आला की गंगाखेडात पहिली विचारणा एकच: पाणी किती चढलं? केंद्रीय जल आयोग इथल्या पातळीचा अंदाज देतो, इशारा पातळी आणि धोका पातळी ठरलेल्या आहेत. पूर्वी नदीत उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा माणसाने डोळ्यांनी वाचायचा, आता असे आकडे यंत्रही पाठवते. पण त्याच पाण्यात प्राणवायू किती आणि मैला किती, हे कळायला नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यावा लागे. घरच्या फिश टँकवर संगणकाने पहारा ठेवण्याची आजची सोय नवी दिसते, तरी तिचा इतिहास या जुन्या भेदातूनच निघतो. यंत्राने पाण्यातले जे मोजायला सोपे तेच आधी मोजले, मग ते निकडीचे असो वा नसो.

उंची सर्वांत सोपी. 1903 साली खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीवर गेले की आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. संगणकाचे नावही नसताना पाण्यावर पाण्यानेच राखलेला हा पहारा होता, पण तो उंचीपुरता. रसायनाची वाट लांबची. प्राणवायू मोजण्याची विंकलरची रीत 1888 ची: नमुन्यात मँगनीजचे क्षार आणि अल्कली घालायची, तपकिरी साका बसला की आम्लात विरघळवायचा, पिष्ट घालून निळा रंग आणायचा आणि तो उडेपर्यंत थेंब मोजायचे. सामू, म्हणजे पीएच, ही मोजपट्टी सोरेनसेनने 1909 मध्ये दिली. 1930 च्या दशकात बेकमनने त्यासाठी सुटसुटीत मीटर बनवला, तर 1950 च्या दशकात क्लार्कच्या इलेक्ट्रोडने प्राणवायूचे मापन विजेच्या प्रवाहात आणले. हे झाल्यावर आर्डुइनो (2005) आणि रास्पबेरी पाय (2012) यांना फार काही शोधायचे उरले नव्हते. तापमान, सामू, पातळी यांचे सेन्सर जोडायचे आणि आकडा हद्दीबाहेर गेला की मोबाइल वाजवायचा, एवढेच.

मासे मरतात ते मात्र बहुधा अमोनियाने. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून तो सतत पाण्यात मिसळतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू विनोग्राडस्कीने 1890 च्या सुमारास ओळखले. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती जमायला काही आठवडे लागतात, म्हणून हौशी माणसाचे मासे पहिल्याच महिन्यात दगावतात. तापमान आणि सामू त्या वेळी पडद्यावर हिरवेगार असतात.

यावर कोणी म्हणेल की सामू आणि तापमान कळले की अमोनियाचा धोकाही काढता येतो. अर्धे खरे आहे. 25 अंशांना सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते, तेव्हा गंगाखेडच्या टँकला हा हिशेब पुण्याच्या धरणाच्या पाण्यापेक्षा जास्त लागू. पण टक्केवारी कळली तरी मूळ रक्कम कळत नाही, आणि ती सामूच्या सेन्सरला दिसत नाही. अमोनियमचे इलेक्ट्रोड निघाले आहेत, हाही आक्षेप रास्त. मात्र पोटॅशियमने ते फसतात, त्यांचे वाचन सरकते, आणि किंमत टँकपेक्षा जास्त भरते. सामूचा काचेचा इलेक्ट्रोडसुद्धा कोरडा पडला की खोटे बोलू लागतो. 4 आणि 7 च्या द्रावणांत बुडवून त्याला अधूनमधून खरे बोलायला लावावे लागते.

यंत्र नको असा याचा अर्थ काढणे चूक ठरेल. वनस्पती दाट असलेल्या टँकमध्ये प्राणवायू पहाटेपूर्वी सर्वांत खाली जातो आणि त्या वेळी जागा असतो तो सेन्सरच. भर उन्हाळ्यात लाइट गेली, पंप थांबला, तर तापमानाचा इशारा मोलाचाच, कारण 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो तर 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. पण खर्चाचा क्रम उलटा हवा. टँक नवा असेल तर आधी अमोनियाचे थेंबांचे किट घ्या, परीक्षानळीतले पाणी पिवळे राहते की अमोनियाने हिरवे होते ते दोन-तीन दिवसांआड बघा. संगणकाचे पैसे उरले तर नंतर.