परळची प्रयोगशाळा आणि आजन्म घ्यावयाची गोळी

🧵 १/ वजन घटवण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास डॉक्टर बजावतात की, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आजन्म घ्याव्या लागतील. वजन उतरले की पुष्कळ जण त्या सोडून देतात. या गोळ्यांचा इतिहास मुंबईतील परळहून जातो.

२/ १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज संशोधक मुंबईत आल्या. गरीब गरोदर स्त्रियांना एक जीवघेणा रक्तक्षय जडत असे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने वाढत. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांनी त्याचे कारण शोधले.

३/ जंतुसंसर्गाचा संशय टिकला नाही. त्या स्त्रियांसारखाच निकृष्ट आहार माकडांना दिला, तेव्हा त्यांनाही रक्तक्षय झाला. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा झाला आणि स्त्रियाही सावरल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

४/ अर्कातील तो घटक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आज जालना जिल्ह्यातील शहागडसारख्या गोदाकाठच्या गावी गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या सरकारी लोहगोळीत हेच द्रव्य असते.

५/ दुसरा धागा बोस्टनचा. १९२९ च्या सुमारास विल्यम कॅसल यांनी दाखवले की, अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका रक्तक्षयाचे मूळ जठरात आहे. निरोगी जठर एक साहाय्यक घटक स्रवते. तो नसेल तर अन्नातील एक द्रव्य अंगी लागत नाही. ते द्रव्य, बी-१२, १९४८ मध्ये वेगळे केले गेले.

६/ मधल्या काळात एक धोका ध्यानात आला. बी-१२ च्या अभावी आजारी पडलेल्यांना केवळ फॉलिक अ‍ॅसिड दिले, तर रक्त सुधारे. मज्जातंतूंचा ऱ्हास मात्र चालूच राही. तपासणीचा कागद चांगला दिसे आणि पाय बधिर होत जात.

७/ १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी वजन घटवण्यासाठी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया केली. अशा बायपासमध्ये अन्न जठराचा बहुतांश भाग आणि लहान आतड्याचा आरंभ टाळून पुढे जाते.

८/ वगळलेला भाग निरुपयोगी नसतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या आरंभी शोषले जातात. बी-१२ ला जठराची मदत लागते. सतत उलट्या झाल्यास थायमिन काही आठवड्यांतच संपते आणि मेंदूस इजा होऊ शकते.

९/ बी-१२ चा साठा यकृतात असतो व तो काही वर्षे पुरतो. म्हणून गोळी सोडणाऱ्यास आरंभी काहीच जाणवत नाही. बी-१२ मुख्यतः प्राणिज अन्नातूनच मिळत असल्याने शाकाहारी घरांत हा साठा मुळातच तोकडा असू शकतो.

१०/ म्हणून शस्त्रक्रियेनंतर केवळ हिमोग्लोबिन पाहून निश्चिंत होता येत नाही. बी-१२, लोहाचा साठा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची नियमित तपासणी लागते. मुंग्या, तोल जाणे किंवा न थांबणाऱ्या उलट्या दिसताच डॉक्टरांकडे जावे. मज्जातंतूंची हानी उशीर झाल्यास भरून येतेच असे नाही.

११/ परळच्या त्या स्त्रियांच्या ताटात पोषक अन्न नव्हते. शस्त्रक्रिया झालेल्याच्या ताटात ते असते, पण अंगी पुरेसे लागत नाही. रक्ताला दोन्ही उणिवा सारख्याच.