भगताला लागलेलं वारं

शिरगावच्या किनाऱ्यावरून पूर्वेला, पालघरपलीकडच्या वारली पाड्यांतल्या भगताजवळ पोथी नसते. सुपात तांदळाचे दाणे टाकून तो दुखण्याचं मूळ शोधतो. अंगात वारं आलं की देवच बोलतो, ही पाड्याची श्रद्धा. भोपळे, बांबू नि तार यांची घांगळी वाजवत धान्यदेवी कणसरीची कथा गातात. या साऱ्याला सरसकट अडाणीपणा म्हणणं मला मान्य नाही. पोथीबाहेरून उपदेश मिळणं संतांनाही परकं नव्हतं: तुकोबांना गुरू बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला, आणि बहिणाबाई शिऊरकरांना कोल्हापुरात तुकोबांचा. मात्र सर्पदंशावर औषधोपचार रोखून मंत्रतंत्र करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच. — संपादक