तसवीर कोणी काढली?

मी चौथीत होतो. शिवचरित्रातला प्रतापगडाचा धडा सुरू होता. पुस्तकातल्या चित्रात धिप्पाड, दाढीवाला अफजलखान होता. ते चित्र पाहता पाहता पुढच्या बाकावरच्या दोन-तीन पोरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. वर्गात दाढीवाल्या बापाचा मुलगा मी एकटाच. गुरुजींच्या ते लक्षात आले नसावे. धडा पुढे गेला, परीक्षा झाली. त्या धड्यातले एकही वाक्य आज आठवत नाही. चित्र मात्र आठवते, आणि ती वळलेली तोंडेही.

आता मी स्वतः शिक्षक आहे, उर्दू आणि मराठी शिकवतो. कासारवाडीत रविवारी गल्लीतली काही मुले घरी अभ्यासाला येतात. काही मराठी माध्यमाची, काही उर्दू माध्यमाची. 1967 साली स्थापन झालेली बालभारती दोन्ही माध्यमांची पुस्तके काढते. एक पुस्तक डावीकडून उघडते, दुसरे उजवीकडून. चौथीला शिवचरित्र मात्र दोघांनाही असते. एका रविवारी उर्दू माध्यमाच्या एका पोराने प्रतापगडाच्या धड्यावर बोट ठेवून हळूच विचारले, "सर, ये अपने वाले थे क्या?"

प्रश्न ऐकून मला माझा चौथीचा वर्ग आठवला. हो म्हणालो तर मूल एका बाजूला जाऊन बसणार, नाही म्हणालो तर ते त्याला खरे वाटणार नाही. मग मी उलट विचारले, "ही तसवीर काढणारा तिथे हजर होता का?"

मुले हसली. पण इतिहासाच्या सचित्र पुस्तकाचे मर्म याच प्रश्नात आहे. मुलांच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचा आरंभ साधारणपणे कोमेनियसच्या 'ऑर्बिस पिक्टस'पासून मानतात. ते 1658 साली न्यूरेंबर्गमध्ये छापले गेले. वर चित्र, खाली लॅटिन आणि जर्मन मजकूर. नजरेने पाहिलेले मनात ठसते, हा त्यामागचा विचार. तो खराच आहे. म्हणून तर धोकाही आहे. झाडाचे चित्र झाडाशी ताडून पाहता येते. पुढच्याच वर्षी, 10 नोव्हेंबर 1659 रोजी, प्रतापगडाखाली जे घडले त्याचे आपल्या पुस्तकातले चित्र कशाशी ताडणार? ते चित्रकाराने तीनशे वर्षांनंतर, मनाने काढलेले असते. मूल मात्र ते फोटोसारखे पाहते.

मग आम्ही त्या चित्रात कोण दिसत नाही याची यादी केली. महाराजांच्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. तो दिसत नाही. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता. तोही बहुतेक चित्रांत नसतो. खानाला गडाच्या पायथ्याशी रीतसर दफन केले गेले, तो प्रसंग तर कोणी रंगवतच नाही. यादी फळ्यावर झाली तेव्हा 'अपने वाले' कोण हे ठरवणे मुलांनाच अवघड होऊन बसले. मला तेच हवे होते.

त्यानंतर मी त्यांना दुसरी तसवीर दाखवली. निकोलाव मनुची हा इटालियन प्रवासी 1665 साली मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत होता. तिथे तो महाराजांना भेटला. पुढे त्याने हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांची चित्रे एका चित्रकाराकडून काढून घेतली आणि ती युरोपात पाठवली. त्यांत घोड्यावर स्वार झालेले, सोबत पायी चालणारे सेवक असलेले शिवाजी महाराज आहेत. सतराव्या शतकातले हे चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. चित्रकाराचे नाव मीर मुहम्मद. हे नाव मी फळ्यावर देवनागरीत आणि उर्दूत, दोन्ही लिप्यांत लिहिले. प्रश्न विचारणारा पोर ते वहीत उतरवून घेत होता. या वेळी कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही, सगळे फळ्याकडे पाहत होते.

महाराजांचे चित्रसुद्धा शोधावे लागते, हेही मुलांना सांगितले. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून मिळालेले महाराजांचे चित्र 1933 साली प्रसिद्ध केले, तेव्हा ते लोकांसमोर आले.

शिक्षक मित्रांना माझे सांगणे साधे आहे. धडा वाचण्याआधी मजकूर कागदाने झाका आणि दोन मिनिटे नुसते चित्र पाहू द्या. मग तीन प्रश्न विचारा. हे कोणी काढले असेल? केव्हा? यात कोण नाही? त्यानंतर त्याच प्रसंगाचे दुसरे चित्र शेजारी ठेवा. याला पैसा लागत नाही, फक्त एक तास जास्त लागतो.

आणि जमले तर जागेवर घेऊन जा. नाशिक फाट्यावरून चाकण वीसेक किलोमीटर. कंपन्यांच्या गर्दीत तिथे संग्रामदुर्गाचे अवशेष उभे आहेत. 1660 साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी तो जवळपास दोन महिने लढवला. गड पडल्यावर खानाने त्यांच्या शौर्याची कदर केली आणि मोगलांची चाकरी देऊ केली. फिरंगोजींनी ती नाकारली. आमच्या मुलांनी बुरुजापाशी बसून त्याच भेटीची चित्रे काढली. एकाच्या चित्रात खान रागावलेला होता, दुसऱ्याच्या चित्रात तो हात पुढे करत होता. दोघेही आपले चित्र बरोबर म्हणून भांडले. मी मध्ये पडलो नाही.

घरी येताना मी प्रत्येकाला एकच सूचना दिली: चित्राखाली आपले नाव आणि आजची तारीख लिहा. पुढे कोणी पाहिले तर त्याला कळले पाहिजे की ही तसवीर कोणी काढली आणि केव्हा काढली.