मळीतले पाणी
१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला पोहोचली. याच ऊसपट्ट्यात मळीपासून अल्कोहोल तयार होते आणि दर लिटरमागे साधारण १० ते १५ लिटर तपकिरी सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, उरते. त्यातले पाणी परत मिळवण्याची वाट १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात उघडली. सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा घडवला, की दाबाखाली पाणी आरपार जाते, विरघळलेले द्रव्य बहुतांशी मागे राहते. (हेतू समुद्राचे पाणी गोडे करण्याचा होता, मळी त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती!) २००३ च्या केंद्रीय सनदेने आसवन्यांपुढे सांडपाणी नद्यांत न सोडण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि हे पडदे मळीकडे वळले. परंतु तपकिरी रंगद्रव्ये पडद्यावर साचून तो लवकर तुंबतो, आणि मागे उरलेला दाट द्रव शेवटी आटवावाच लागतो.