मदिनेतील एक दिवसाची जियारत : स्थळ, स्मृती आणि इतिहास

प्रस्तावना

हज किंवा उमरा यात्रेच्या निमित्ताने मदिनेत येणारे बहुसंख्य यात्रेकरू मशीद-ए-नबवीतील नमाज व सलाम यांनंतर एक दिवस ‘जियारत’साठी राखून ठेवतात. कुबा, उहुद, खंदक आणि किब्लतैन ही स्थळे मार्गदर्शकासह एकाच फेरीत पाहिली जातात. ही प्रथा जुनी आहे. इ.स. ११८४ मध्ये मदिनेस आलेल्या इब्न जुबैरच्या प्रवासवर्णनात कुबा व उहुद यांचे उल्लेख आढळतात. इ.स. १८५३ मध्ये वेषांतर करून आलेल्या रिचर्ड बर्टनने येथील वाटाड्यांना ‘मुझव्विर’ म्हणत असल्याचे नोंदविले आहे. या फेरीतून इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती नेमके काय लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटनांचा क्रम

फेरीचा क्रम रस्त्याच्या सोयीने ठरतो. घटनांचा क्रम मात्र वेगळा आहे. हिजरतीच्या वेळी, इ.स. ६२२ मध्ये, पैगंबरांचा पहिला मुक्काम कुबा येथे झाला व तेथे मशिदीचा पाया घातला गेला. इ.स. ६२४ मध्ये नमाजाची दिशा जेरुसलेमकडून मक्केकडे वळली. या घटनेशी किब्लतैन मशिदीचे नाव जोडले जाते. उहुदची लढाई इ.स. ६२५ मध्ये, तर खंदकाची इ.स. ६२७ मध्ये झाली. म्हणजे अवघ्या पाच वर्षांचा इतिहास काही किलोमीटरच्या परिघात सामावलेला आहे.

वास्तूंचे पुरावामूल्य

यात्रेकरूस दिसणाऱ्या वास्तू मात्र त्या काळातील नाहीत. कुबा व किब्लतैन येथील आजच्या मशिदी १९८० च्या दशकात अब्देल-वाहेद अल-वकील या इजिप्शियन वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभ्या राहिल्या. खंदकाजवळील समूहास ‘सात मशिदी’ म्हटले जात असले, तरी तेथे आज सातही मशिदी उभ्या नाहीत. जन्नतुल बकी या दफनभूमीतील घुमट प्रथम १८०६ मध्ये व पुन्हा १९२५-२६ मध्ये पाडले गेले. उहुद येथील हजरत हमजा यांच्या कबरीवरील वास्तूही उरली नाही. कबरींवरील बांधकाम एकेश्वरवादास बाधक आहे, ही सत्ताधाऱ्यांची भूमिका होती. शिया समाज मात्र बकीच्या विध्वंसाचा शोकदिन आजही पाळतो. स्मृती कोणत्या रूपात जपावी, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

भूमी हाच दस्तऐवज

वास्तू बदलल्या असल्या, तरी भूरचना अद्याप वाचता येते. उहुदच्या पायथ्याशी असलेल्या आयनैन टेकडीवर पैगंबरांनी ५० तिरंदाज नेमले होते. टेकडीवरून मैदान पाहिले, की या नेमणुकीचे कारण स्पष्ट होते : डोंगर पाठीशी असलेल्या सैन्याच्या बगलेवर येणारी वाट येथूनच रोखता येत होती. लुटीच्या ओढीने बहुतेक तिरंदाजांनी जागा सोडली, खालिद बिन वलीदच्या घोडदळाने मागून हल्ला केला आणि सुमारे ७० मुस्लिम शहीद झाले.

खंदकाचेही तसेच आहे. त्याचा चर आज दिसत नाही. परंतु मदिनेच्या पूर्वेस व पश्चिमेस ‘हर्रा’ म्हणजे खडबडीत लाव्हाचे पठार आहे, तर दक्षिणेस दाट वस्ती व खजुराच्या बागा होत्या. घोडदळास मोकळी होती ती उत्तर बाजूच. म्हणूनच सलमान फारसी यांच्या सल्ल्याने खणलेला चर शहराभोवती नव्हे, तर उत्तरेस होता. परंपरेनुसार १०,००० च्या शत्रुसैन्याचा वेढा त्यामुळेच निष्फळ ठरला.

निष्कर्ष

जियारतीची फेरी भाविकासाठी श्रद्धेचा भाग आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने तेथील मशिदी सातव्या शतकाचा थेट पुरावा ठरत नाहीत. परंपरेने जपलेल्या जागा व त्यांभोवतीची भूमी मात्र लिखित वृत्तान्तांना अर्थ देतात. म्हणूनच विस्तारत्या मदिनेत टेकड्या व हर्रा यांचे जतन हा प्रश्न वास्तूंच्या जतनाइतकाच महत्त्वाचा आहे. वास्तू पुन्हा बांधता येते. सपाट केलेली टेकडी पुन्हा उभारता येत नाही.